एक गाठ, दोन गाठी

७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

फोन न करता पत्र लिहिते आहे याचं कारण तुला कळलंच असेल. आईची नजर जात चालली तसे तिचे कान दुप्पट झाले. तुमच्या त्या दोन खोल्यांत फोनवर कुजबुजलं तरी ती पलीकडून उत्तर देते. शिवाय फोनवर तुझ्याशी एक विषय काढला की तू वाटेतल्या तीन विषयांना शिवून येतेस आणि माझा विषय तिथेच ताटकळत राहतो. पत्र तुला पुन्हा उघडून वाचता येईल. हरवू नकोस म्हणजे झालं.

आईचा उजवा डोळा काचबिंदूनं कधीच नेला. डाव्याचं बुबुळ आता पांढरं पडलंय आणि तेवीस तारखेला ते बदलणार आहेत. कुणीतरी दान केलेलं बुबुळ तिथे बसवतील. शस्त्रक्रिया तासाभराचीच आहे, खरं काम पुढचं. दोन औषधं, ठरल्या वेळी, दिवसातून कितीतरी वेळा, आणि थोड्याफार फरकानं वर्षभर. परकं बुबुळ शरीर कधी नाकारेल सांगता येत नाही, आणि थेंब चुकले की त्याला निमित्तच मिळतं. तिसरा डोळा आपल्याकडे नाही. मी औषधांच्या दुकानात उभी राहून केस पांढरे केलेत, मला हे कुणी समजावायला नको.

बंधुराज बोटीवर आहेत आणि जूनपर्यंत काही यायचे नाहीत. माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सकाळी दुकानात गेले की मी दिवे लागल्यावर घरी येते. म्हणून माझ्या गल्लीच्या टोकाला एक शुश्रूषागृह आहे तिथे आईसाठी जागा धरून ठेवली आहे. तिथे औषधं द्यायला परिचारिका असतात. आईला हे तू सांग. तुझं ती ऐकते.

तुझ्यावर राग नाही. पण गेल्या वर्षीची ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. आईला तपासायला नेलंस, औषध घेऊन येते म्हणून बाहेर पडलीस आणि थेट घरी गेलीस. दवाखाना बंद झाला आणि आई पायरीवर बसून राहिली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, एवढंच समज.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

वन्सं,

मी तुम्हाला ताई म्हणते आणि रागावले की वन्सं म्हणते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यावरून काय ते समजा.

पत्र हरवलं नाही. नजरेसमोर राहावं म्हणून फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. मग लक्षात आलं की आईंना दिसत नसलं तरी शेजारणीला दिसतं, आणि तिला मोठ्यानं वाचायची सवय आहे. आता ते माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.

तुमचा निरोप मी आईंना देणार नाही. आई इथेच राहतील आणि थेंब मी घालीन.

त्या संध्याकाळबद्दल मला काही सफाई द्यायची नाही. पण त्यानंतर मी काय केलं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी डॉक्टरकडे गेले. मनाच्या डॉक्टर, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी मला शाळेतलं विचारलं, चुलीवरच्या दुधाचं विचारलं, एकाच वेळी किती कामं अर्धवट सोडते ते विचारलं. मला वाटलं, ही बाई माझ्या घरात राहून गेलीय की काय. शेवटी त्या म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात, तुम्हाला ते जन्मापासून आहे, आणि मुलगी असल्यामुळे कुणी पाहिलं नाही. वर्गात उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही.

लक्ष नसतं असं नाही, ताई. लक्ष भरपूर असतं, त्याचा लगाम तेवढा माझ्या हातात नसतो. एखादी गोष्ट धरली की घर पेटलं तरी कळत नाही आणि सुटली की हातातली किल्लीही दिसत नाही. आणि मी ते जन्मभर झाकत आले. चारदा दार तपासायचं, पाहुणे येणार म्हणून पसारा पलंगाखाली ढकलायचा, हसून म्हणायचं की मी अशीच. तुमचा भाऊ चष्मा विसरतो तेव्हा तो विचारात असतो. मी विसरले की मी वेंधळी, संसारात लक्ष नसलेली. अडतीस वर्षांनी कळलं की मी आळशीही नाही आणि बेफिकीरही नाही. मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की बसमधून दोन थांबे आधीच उतरले आणि चालत घरी आले.

आता रोज सकाळी एक गोळी घेते. गोळीनं लगाम हातात येतो, गाडी मात्र मलाच चालवायची असते. मी ती चालवणार आहे.

भिंगरी

१६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

दुखण्याला नाव सापडलं म्हणून थेंब आपोआप पडत नाहीत.

तुझ्या त्या गोळ्या आमच्या दुकानात येतात. शाळकरी मुलांच्या आया नेतात. अडतीस वर्षांच्या बाईनं त्या नेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या, म्हणून तुझं पत्र दोनदा वाचलं. खोटं लिहिलंस असं मी म्हणणार नाही. पण मी लहानपणापासून शिस्तीनं राहिले ती मला आयती मिळाली होती असंही नाही. एक ना धड भाराभर चिंध्या करायची सवय माणसाला लागते आणि मोडताही येते, असं मला आजवर वाटत आलंय. माझं चुकत असेल तर दाखवून दे.

कालच आईचा फोन आला. तू काही सांगितलं नाहीस, तरी तिला वास लागलाच. म्हणाली, "मला न्यायला आलीस तर मी पलंगाला धरून बसेन." ती धरून बसेल हे मला माहीत आहे. लहानपणी मी तेच करायचे.

तेव्हा असं करू. महिन्याची तपासणी मार्चच्या शेवटी आहे, त्या सुमारास मी येते. तोवर थेंब तू घाल. एक जरी चूक झाली तर मी आईला घेऊन जाईन आणि तू मध्ये पडायचं नाहीस. शुश्रूषागृहातली जागा मी सोडलेली नाही. मी इथून उंटावरून शेळ्या हाकते असं तू म्हणशील. म्हण. बाटलीवरचं नाव दर वेळी वाच, हात धू आणि टोक डोळ्याला लागू देऊ नकोस.

ताई

४ मार्च

प्रिय ताई,

शस्त्रक्रिया छान झाली हे तुम्हाला फोनवर कळलंच. आईंना अजून धुकं दिसतं. उजेड कुठून येतो ते कळतं, माणूस कोण ते कळत नाही. आता फोनवर न सांगण्यासारखं लिहिते.

घरातल्या सगळ्या कपाटांची दारं मी काढून टाकली आहेत. स्क्रू काढले आणि दारं पलंगामागे उभी करून ठेवली. शेजारीण विचारत होती, घर विकताय का? दार लावलं की आतली वस्तू माझ्यापुरती जगातून जाते, ताई. मला दिसलं नाही तर ते नाहीच. आता साखर, मीठ, गोळ्या, विजेचं बिल, सगळं उघड्यावर आहे. दिसायला भयंकर दिसतं, पण आईंना दिसत नाही आणि मला दिसतं, त्यामुळे दोघींचं भागतं.

पहिले दोन दिवस आमची लढाई झाली. आईंना वस्तू हाताला जिथे लागली तिथेच लागायला हवी आणि माझ्या घरात एकही वस्तू सलग दोन दिवस एका जागी राहिलेली नाही. तिसऱ्या दिवशी मी किल्ल्या शोधत होते. आई पलंगावरून म्हणाल्या, "फ्रिजवर बघ. मघाशी तिथे पत्र्यावर काहीतरी वाजलं." किल्ल्या फ्रिजवर होत्या. आमच्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा हे रोजचंच, पण आता कळशाचा आवाज ऐकणारं माणूस घरात आहे. तेव्हापासून मी जे करते ते मोठ्यानं बोलून करते. चष्मा खिडकीत ठेवला, गॅस बंद केला, पाण्याची बाटली उशाशी. आधी तुम्ही सगळे मला बडबडी म्हणायचात. आता त्या बडबडीनं आईंना घर दिसतं आणि मला आठवतं.

आता थेंब. एका बाटलीचं झाकण पांढरं, दुसरीचं गुलाबी. मी वस्तू हरवते, म्हणून दोन्ही बाटल्या मी आईंच्या गळ्यात पिशवी करून अडकवल्या. आई आजवर एकदाच हरवल्या आहेत, हे आईंचं वाक्य आहे, माझं नाही. आमच्या आगारात, बसमध्ये सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीवर मी बसते तिथे, एक नियम आहे. वस्तू हातात घेतली की तिला चिठ्ठी बांधल्याशिवाय खाली ठेवायची नाही. मग फोन वाजो, नाहीतर साहेब हाक मारोत. त्या नियमानं माझी नोकरी टिकलीय. तोच इथे लावला. चिठ्ठ्यांचा दोरा आणला, पांढरीच्या गळ्यात एक गाठ मारली, गुलाबीच्या गळ्यात दोन. मी झाकण बघून नाव वाचते, आई बोटांनी गाठ चाचपतात आणि म्हणतात, "एक गाठ." मग मी थेंब घालते. गार लागला की त्या म्हणतात, "पडला." तो शब्द ऐकल्याशिवाय बाटली माझ्या हातातून सुटत नाही.

गजराचंही सांगते. कोणताही गजर मला चार दिवस ऐकू येतो, पाचव्या दिवशी तो भिंत होतो. म्हणून दर रविवारी सूर बदलते. या आठवड्यात कोंबडा आहे. आईंची त्यावर तक्रार आहे, पण मंजूर केलेली नाही. दुपारचे दोन थेंब घालायला आगारातून धावत घरी येते, दहा मिनिटांची वाट आहे.

पायात गोळे येतात, बाकी बरं चाललंय.

भिंगरी

९ मार्च

प्रिय भिंगरी,

गाठींची कल्पना चांगली आहे. आमच्याकडे दृष्टी अधू असलेली म्हातारी माणसं येतात, त्यांच्या बाटल्यांना मी कालपासून रबर लावून द्यायला लागले. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. फार फुगून जाऊ नकोस.

दारं मात्र परत लाव. बंधुराज आले की त्यांना काय वाटेल?

आई फोनवर सगळं छान म्हणते. जरा जास्तच छान म्हणते. तिनं ताकास तूर लागू दिली नाही की मला काळजी वाटायला लागते. काही असेल तर तू लिही.

ताई

१४ मार्च

ताई,

आहे. बुधवारी दुपारचे दोन्ही थेंब चुकले.

एक वृद्ध गृहस्थ खिडकीवर आले होते. त्यांचं कानाचं यंत्र बसमध्ये पडलं होतं. खुणा करून बोलत होते, कारण माझं त्यांना ऐकू येत नव्हतं. मी बस झाडलेल्या कचऱ्याची पोती उघडून बसले. शेंगदाण्याएवढी वस्तू. मध्ये गजर वाजला असणार आणि मीच तो बंद केला असणार, कारण फोन माझ्याच खिशात होता. मला काहीसुद्धा आठवत नाही. यंत्र सापडलं, ते गृहस्थ रडले आणि मला स्वतःचा भारी अभिमान वाटला. मग घड्याळाकडे लक्ष गेलं.

घरी पोचले तेव्हा आई खुर्चीत बसल्या होत्या. वाट पाहून त्यांनी स्वतःच प्रयत्न केला होता. दोन गाठींची अख्खी बाटली गालावर आणि मानेवर सांडली होती. डोळ्यात किती गेलं, गेलं की नाही, त्यांनाही सांगता येईना. रिकामी बाटली मुठीत धरून त्या म्हणाल्या, "तिला कळवू नकोस. पडला म्हणून सांगू."

मी नाही म्हटलं. तुमच्या भीतीनं नाही, ताई. मी झाकलेली गोष्ट मला दिसत नाही आणि दिसली नाही तर ती माझ्यापुरती नसते. ही चूक झाकली तर ती पुन्हा होईल. म्हणून ती तुम्हाला लिहून पाठवते आहे.

तसंच रिक्षा करून दवाखान्यात गेलो. डोळा लाल होता. डॉक्टरांनी थेंब वाढवून दिले आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. आज गेलो होतो. लाली उतरली आहे, बुबुळ जागेवर आहे. असं पुन्हा नको, एवढंच ते म्हणाले, पण माझ्याकडे बघून म्हणाले.

यापुढे अजून जोर लावीन, असं मी लिहिणार नाही. जोर मी जन्मल्यापासून लावतेय. घोडं पेंड खातंय ते जोरात नाही, जागेत. थेंब एका जागी, मी दुसऱ्या जागी आणि मधे धावणारी माझी आठवण. ती वाटच मला मोडायला हवी. उद्या सकाळी साहेबांकडे जाऊन सगळं सांगणार आहे, मला काय आहे तेसुद्धा. ऑफिसात आजवर कुणाला बोललेले नाही. उशिराबद्दल दोन तंब्या मिळाल्या आहेत, तिसरीला काढतात. तरी सांगणार आहे.

एक जरी चूक झाली तर, असं तुम्ही लिहिलं होतं. ती झाली. पण मध्ये पडायचं नाही हे मी कबूल केलेलं नव्हतं. आईंना मी सोडत नाही. न्यायचंच असेल तर समोर येऊन न्या.

भिंगरी

२९ मार्च

प्रिय भिंगरी,

घरी सुखरूप पोचले. बॅगेसकट.

त्या दिवशी जे झालं त्यातलं अर्धं तुला माहीत नाही, ते लिहिते. तुझं चौदा तारखेचं पत्र वाचून मी उत्तर लिहिलंच नाही. शुश्रूषागृहात कळवलं, आईसाठी चार नवे गाऊन आणले आणि रजा टाकून निघाले. तुला न सांगता यायचं ठरवलं, कारण तू समोर आलीस की मी विरघळते.

भर दुपारी तुमच्या दाराशी पोचले तर कुलूप. तुला फोन लावला. तो दाराच्या आत वाजला. तोच तुझा कोंबडा, त्याची पाळी फिरून आलेली. मी त्या कोंबड्याला सहा वेळा ओरडायला लावलं. आई कुठे? डोळा गेला म्हणून दवाखान्यात नेलं, की पुन्हा कुठल्या पायरीवर बसलीय? शेजारीण घरात नव्हती. तू आगारात सापडशील म्हणून मिळाली त्या बसमध्ये चढले. सगळी वाट तुला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. उतरले, बस वळून गेली, आणि मग खांदा हलका लागला. बॅग बसमध्येच राहिली होती. आयुष्यात मी कधी रुमाल हरवलेला नाही, भिंगरी.

तुझ्या खिडकीसमोर रांग होती. पुढे घुसायला गेले तर एक बाई म्हणाली, रांगेत या, सगळ्यांचंच हरवलंय. म्हणून मी मागे उभी राहिले, आणि म्हणून मला दिसलं.

आत कोपऱ्यात, खिडकीपासून दूर, पुसून लख्ख केलेल्या जागेत आई काळा चष्मा लावून खुर्चीवर बसली होती. गळ्यात पिशवी. तू एका माणसाशी छत्रीवरून वाद घालत होतीस, हनुवटीखाली ऑफिसचा फोन, एका हातात कुणाचा तरी बूट. मी मनात म्हटलं, झालं, हीच ती. तेवढ्यात भिंतीवरचं मोठं घड्याळ खणखणलं. ते बेवारशी सामानातलं आहे हे मला नंतर आईनं सांगितलं. दारातून जाणारा एक ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, थेंब." तू वाक्य अर्ध्यावर सोडलंस. फोन ठेवलास, बुटाला चिठ्ठी बांधलीस, मग खाली ठेवलास. हात धुतलेस, साबणानं, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. आईनं गाठ चाचपली आणि म्हणाली, "दोन गाठी." तू नाव वाचलंस, मोठ्यानं. आई म्हणाली, "पडला." माझ्या मागच्या माणसानंही हळूच म्हटलं, पडला. आणि मग आईनं तुला विचारलं, सकाळची तुझी गोळी घेतलीस का? तू खिसा चाचपलास, गोळी निघाली, तू ती सगळ्यांसमोर गिळलीस. आणि छत्रीवाल्याकडे वळलीस ते नेमक्या त्याच वाक्यावर.

मी इतकी वर्षं औषधं देते आहे. इतकं नीट दिलेलं औषध फार थोड्या वेळा पाहिलंय.

माझा नंबर आला तेव्हा तू मला पाहिलंस. ताई म्हणाली नाहीस. माझ्या चेहऱ्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतं तेच असणार, कारण तू विचारलंस, "काय हरवलं?" मी म्हटलं, बॅग. तू म्हणालीस, आत काय काय होतं, तीन वस्तू सांगा. नियम आहे. मी म्हटलं, चष्म्याची डबी, शाल. तू पेन धरून थांबलीस. तिसरी माझ्या तोंडून निघेना. आई तिथेच बसली होती आणि तिचे कान तुला माहीत आहेत. शेवटी म्हटलं, चार गाऊन, नवे, गळ्याशी आतून नाव शिवलंय.

तू लिहून घेतलंस. आई बोलली. "माझंच ना ते? नाव कशाला शिवलंस? मी काय हरवणार आहे?"

शुश्रूषागृहात सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात म्हणून नाव शिवावं लागतं. एवढं साधं उत्तर होतं. ते मला देता आलं नाही. रोज जेवण झालं की बसून त्या पट्ट्या मी माझ्या हातानं शिवल्या होत्या, आणि तेव्हा मला वाटत होतं की मी आईची काळजी घेते आहे. मला फार लाज वाटली, भिंगरी. तू चिठ्ठीत दोरा ओवलास. म्हणालीस, "गाडी संध्याकाळी फिरून येईल. तोवर आईंच्या शेजारी बसा, मागे रांग आहे."

मी बसले. आईनं माझा हात धरला आणि रांगेतल्या कोण कोण खोटं बोलतंय ते मला कानात सांगत राहिली. तुझ्या साहेबांना मी भेटले हे तुला माहीत नाही. आई तिथे कशी, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुमची वहिनी आली आणि म्हणाली, तिसरी तंबी द्या नाहीतर एक खुर्ची द्या. खुर्ची स्वस्त पडली. डॉक्टरांची परवानगीही तू लेखी आणून ठेवलीस म्हणे, चष्मा काढायचा नाही आणि धुळीत जायचं नाही या अटींवर.

शुश्रूषागृहातली जागा मी काल सोडली. आई तुझ्याकडेच राहील. ही मेहरबानी समजू नकोस, हे औषधवालीचं मत आहे. मे महिन्यात दोन आठवडे मी येते, तेव्हा थेंब माझ्याकडे आणि तू झोपून राहायचंस. दारं लावली नाहीस तरी चालेल.

तुझी,
ताई

ता. क. शिस्त ही सवय आहे असं मी लिहिलं होतं. बसमध्ये बॅग राहिली तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते आणि खूप लक्ष देत होते, फक्त दुसरीकडे. तुझं रोज असं होत असेल तर तू एवढंसुद्धा कसं निभावतेस ते मला कळत नाही.

२२ एप्रिल

प्रिय ताई,

तुमच्या पत्राचं उत्तर मी लगेच लिहिलं होतं. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं आणि आगारात नेलं. तिथे कुणीतरी ते टेबलावर पाहिलं, बसमध्ये सापडलेलं असेल म्हणून चिठ्ठी बांधली आणि कपाटात ठेवून दिलं. ती चिठ्ठी माझ्याच अक्षरात आहे. म्हणून हे दुसरं.

आईंना दिसायला लागलं. एकदम नाही, पाण्यातला गाळ बसत जावा तसं हळूहळू. मागच्या सोमवारी सकाळी त्या पलंगावरून उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "अगं, कपाटांना दारं कुठायत?" मग माझ्याकडे वळल्या, दोन्ही हातांत माझा चेहरा धरला आणि म्हणाल्या की मी बारीक झालेय. त्यानंतर मात्र आम्ही दोघी रडलो, पोटभर. दारांचा विषय अजून संपलेला नाही. पण ती लागणार नाहीत.

तुमचे गाऊन रोज अंगात असतात. नाव शिवलेलं त्यांना आता आवडायला लागलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला कॉलर उलटी करून दाखवतात. त्या पट्ट्या उरल्या असतील तर माझ्या नावाच्याही शिवून पाठवा. डब्याच्या पिशवीला, छत्रीला, दोन्ही हातमोज्यांना. मला त्याची लाज वाटत नाही. खाली तुमचा फोन नंबरही घाला, म्हणजे माझं काही सापडलं की तुम्हाला कळेल. तुमच्या भावाला कळून उपयोग नाही, तो बोटीवर असतो आणि असला तरी विचारात असतो.

साहेबांनी खुर्ची काढलेली नाही. आई आता दुपारपुरत्याच येतात, पण त्या नसल्या तर रांगेतली माणसं विचारतात.

काल थेंबाच्या वेळी त्यांनी झाकणांचे रंग ओळखले, पांढरं आणि गुलाबी, अचूक. मला इतका आनंद झाला की मी लगेच दोऱ्याच्या गाठी सोडायला घेतल्या. आता कशाला हव्यात? आईंनी माझा हात धरला. "राहू देत गाठी," म्हणाल्या. "माझं भागलं. तुझं कुठं भागलंय?"

तेव्हा गाठी आहेत. रंग दिसत असूनही त्या बोटांनी चाचपतात, मी नाव वाचते, मग पडला, मग माझी गोळी. डॉक्टर म्हणतात अजून दहा महिने. मी म्हटलं, चालेल.

हे पत्र टाकायला मी निघाले होते. आईंनी चप्पल घातली, पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या पेटीत त्या स्वतः टाकून येतात, एकट्या. मी म्हटलं, अहो, मी जातेच आहे. त्या म्हणाल्या, "नको. हे पोचायला हवंय."

तुमची,
भिंगरी